आधी हँडल फिरवून पाहा, मग नाही म्हणा
नाशिकच्या बँका, गुंतवणूकदार आणि उद्योग संघटनांना खुले पत्र

प्रति,
नाशिकमधील बँकांचे कर्ज विभाग, नव्या उद्योगांत पैसा घालणारे गुंतवणूकदार आणि उद्योग संघटनांचे पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

अंबडला भाड्याच्या शेडमध्ये माझे वाइंडिंगचे छोटे युनिट आहे. रिले आणि कॉन्टॅक्टर या विजेच्या स्विचांना लागणाऱ्या तांब्याच्या तारेच्या कॉइल आम्ही गुंडाळतो. अकरा बायका, दोन पुरुष आणि मी. हे काम मी एकोणीस वर्षे करते आहे आणि आजवर एकही हप्ता चुकवलेला नाही.

मुलांची सेलशिवाय चालणारी, हँडल फिरवून वीज घेणारी खेळणी बनवण्यासाठी मी कर्ज मागितले होते. गेल्या महिन्यात तो अर्ज नामंजूर झाला. पाच महिने 'फाइल वर पाठवली आहे' एवढेच ऐकत होते. शेवटी फोनवर कळले, "मॅडम, खेळणी म्हणजे हंगामी धंदा. त्यात हे हाताने फिरवायचं. कोण घेणार?" नकाराचे कारण लेखी मागितले, ते अजून आलेले नाही. दोन वर्षांत असा नकार मला तिसऱ्यांदा मिळाला. तिन्ही वेळा समोरच्या टेबलावर माझा नमुना ठेवलेला होता आणि तिन्ही वेळा कुणी त्याचे हँडल एकदाही फिरवले नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

ही कल्पना मला कुठे सुचली ते आधी सांगते, कारण माझे पैसे आणि माझा जीव दोन्ही त्यात गुंतले आहेत. चार वर्षांपूर्वी दिवाळीनंतर काही ओळखीच्या मंडळींबरोबर मी पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या शाळेत गेले होते. आम्ही वह्या आणि स्वेटर नेले होते. बाईंनी कपाट उघडले तेव्हा खालच्या फळीवर आठ खेळणी दिसली. कुणीतरी आधी दान दिलेली. मुळाक्षरांच्या बोलक्या पाट्या, गाणारी गाय, दिव्यांची गाडी. सगळी चांगल्या कंपनीची आणि सगळी मुकी. तिघांत सेल पाझरून पट्ट्यांवर हिरवट गंज चढला होता. बाई म्हणाल्या, "ताई, पहिले सेल संपले की आम्ही ती उचलून ठेवतो. सेलचा खर्च कशात दाखवायचा? आणि बाजाराला जायचं म्हणजे एक दिवस जातो."

त्यातली एक बोलकी पाटी मी मागून आणली. शेडमध्ये उघडली. तीन पेन्सिल सेल, एक आवाजाची चिप, एक चिमुकला स्पीकर, सहा दिवे. माझ्या मनात आले, एवढ्याला सेल कशाला हवेत? तांब्याची तार आणि चुंबक यांच्यावर तर आमचे पोट चालते. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये प्रयोगशाळेत दाखवले आणि पुढच्याच वर्षी हिपोलाइट पिक्सी याने हँडल फिरवून वीज देणारे यंत्र बनवले, ते हेच. तारेजवळून चुंबक फिरवले की तारेत वीज येते.

पहिला नमुना मी अगदी कच्चा बनवला. जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर उलटी वापरली, म्हणजे तिला वीज न देता ती फिरवून वीज घेतली. पाड्यावर नेला. हँडल हळू फिरवले की 'क कमळाचा' जाडाभरडा, रडल्यासारखा यायचा. जोरात फिरवले की बारीक आणि पटपट. मला लाज वाटली, पण पोरे खूश. एकाने घोगरा क काढला, दुसऱ्याने चिरका काढला, आणि अर्धा तास शाळा हसत होती. पुढच्या खेपेला मी आवाज स्थिर करणारे सर्किट घालून नेले, तर एक मुलगी म्हणाली, "बाई, आधीचं द्या." त्या दिवशी मला कळले की हँडल हा मुलांवर लादलेला त्रास नाही. खेळ तिथूनच सुरू होतो. २०२२ साली अमेरिकेत प्लेडेट नावाचे हातात धरायचे गेमचे यंत्र बाजारात आले. त्याच्या कडेला एक दांडा आहे. त्या दांड्यातून वीज तयार होत नाही, तो फक्त खेळण्यासाठी आहे. केवळ फिरवण्याच्या मजेसाठी लोक पैसे मोजतात, मग वीजही देणाऱ्या हँडलला बाजार नाही हे तुम्ही कशावरून ठरवले?

आता हिशेब मांडते, कारण तुमचा विश्वास हिशेबावरच बसेल.

सहा-सात वर्षांचे मूल सहज हँडल फिरवते तेव्हा साधारण दोन वॅट शक्ती लावते. गिअर, फिरवल्यावर वीज देणारा डायनॅमो आणि ती वीज एका दिशेची करणारा रेक्टिफायर यांत निम्मी वाया गेली असे धरा. एक वॅट उरतो. मिनिटभर फिरवले की ६० ज्यूल ऊर्जा मिळते (एक वॅट एक सेकंद म्हणजे एक ज्यूल). पांढरा एलईडी ३ व्होल्ट आणि २० मिलीअँपिअरवर ०.०६ वॅट घेतो, म्हणजे एका मिनिटाच्या फिरवण्यावर तो सोळा मिनिटे चालतो. आवाजाचे खेळणे ०.२ वॅट घेत असेल तर पाच मिनिटे बोलते. रिमोटची गाडी तीन वॅट खात असेल तर वीस सेकंदांत थांबते. म्हणून रिमोटची गाडी मी करणार नाही, आणि कुणी करतो म्हणाला तर त्याला पैसे देऊ नका. दिवा, आवाज, संगीत, गोष्ट सांगणारी डबी, हळू फिरणारे चक्र, विजेचे प्रयोग शिकवणारा संच एवढेच हाताच्या विजेचे शेत आहे, आणि ते काही लहान नाही.

वीज साठवायला मी सेलऐवजी सुपर कपॅसिटर, म्हणजे वीज झटपट भरून ठेवणारा छोटा भाग, वापरते. २.७ व्होल्ट, १० फॅरडचे दोन मालिकेत जोडले की ५.४ व्होल्टला सुमारे ७३ ज्यूल मावतात. व्होल्टेज निम्म्यावर येईपर्यंत त्यातले तीन-चतुर्थांश वापरता येतात, म्हणजे साधारण ५५ ज्यूल. मुलाच्या एका मिनिटाच्या फिरवण्यात टाकी भरते. चार्ज होणारी निकेलची बॅटरी काहीशे ते हजारभर वेळा भरता येते, हे कपॅसिटर लाखो वेळा. खेळण्याच्या आयुष्यात ते बदलायची वेळच येत नाही.

आणि यात गिळण्यासारखा बटन सेल नसतो. ज्या आईने मुलाच्या तोंडातून तो चपटा सेल ओढून काढला असेल तिला याची किंमत सांगायला नको. बटन सेल अन्ननलिकेत अडकला की तिथल्या ओलाव्यातून वीज वाहते, क्षार तयार होतो आणि दोन तासांत आतली त्वचा जळते. २०२२ मध्ये अमेरिकेने यासाठी स्वतंत्र कायदा केला. त्याच वर्षी आपल्याकडे बॅटरी कचऱ्याचे नवे नियम आले आणि वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर पडली. जग कुठे चालले आहे ते यावरून दिसते. तुमच्या अहवालांत मात्र याची एक ओळही मला आढळली नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार बँकेविषयी. मी अडतीस लाख मागितले होते. त्यातले निम्म्याहून अधिक चार डायसाठी, म्हणजे प्लास्टिक ओतायच्या साच्यांसाठी, होते, कारण प्लास्टिकच्या खेळण्यात खरा खर्च डायचा असतो. आज हाताने बनवलेला एक नग मला सहाशेच्या पुढे पडतो. डाय आल्यावर तो अडीचशेच्या आत बसतो, हे मोल्डिंगवाल्यांच्या कोटेशनसह फाइलला लावले होते. तीन पेन्सिल सेल साध्या दुकानात पन्नास रुपयांच्या आसपास मिळतात. महिन्याला बदलले तर वर्षाला सहाशे होतात. एवढे वाचूनही मला विचारले गेले ते घराचे कागद कुठे आहेत. सूक्ष्म उद्योगांना ठरावीक मर्यादेपर्यंत तारण न मागता कर्ज द्यावे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यावरच्या रकमेसाठी केंद्राची क्रेडिट गॅरंटी योजना, म्हणजे कर्ज बुडाले तर बँकेला त्याच्या मोठ्या भागाची हमी देणारी योजना, २००० सालापासून चालू आहे. हे मी तुम्हाला सांगावे लागते, याचेच वाईट वाटते. हंगामी धंद्याचे म्हणाल तर कालिकामातेच्या यात्रेत फुगे आणि पिपाण्या विकणाऱ्यांचा धंदा हंगामी असतो. शाळा, अंगणवाड्या आणि वाढदिवस बारा महिने असतात.

दुसरी तक्रार गुंतवणूकदारांविषयी. एका हॉटेलात भरलेल्या मेळाव्यात मला सात मिनिटे मिळाली. पहिला प्रश्न आला, "याला ॲप आहे का?" दुसरा आला, "सेलच लागत नाहीत तर एकदा विकल्यावर पुन्हा पैसे कुठून येणार?" दुसऱ्या प्रश्नाला मी तिथे नीट उत्तर देऊ शकले नाही, गडबडले. आज देते. सेलचे पैसे खेळणेवाल्याला कधीच मिळत नाहीत. ते सेलच्या कंपनीला जातात. खेळणेवाल्याच्या वाट्याला येते ते महिन्याभरात बंद पडलेले खेळणे आणि 'पुन्हा असलं नको' म्हणणारे गिऱ्हाईक. ज्या घरात पहिले खेळणे चार वर्षे बोलत राहते, त्या घरातले दुसरे लेकरू आणि शेजारची बाई दोघेही आमच्याकडे येतात. परतीची कमाई ही अशी असते.

तिसरी तक्रार उद्योग संघटनांविषयी, आणि ही मी आपल्याच घरात बोलावे तशी बोलते. नाशिकला मोठा प्रकल्प यावा म्हणून आपण वर्षानुवर्षे निवेदने देतो. ती द्यावीत. पण सातपूर-अंबडला जे हात आहेत त्यांची मोजदाद कोण करतो? मायकोच्या (आताच्या बॉशच्या) काळापासून सातपूरला डिझेल इंजिनांचे नोझल बनले, ओझरला विमाने बनली, गल्लोगल्ली स्विचगिअरचे सुटे भाग बनतात. प्रेस टूल, मोल्डिंग, वाइंडिंग, सर्किट बोर्डाची जोडणी हे सगळे पाच किलोमीटरच्या आत मिळते. हाताच्या विजेच्या खेळण्याला लागते ते नेमके हेच आणि एवढेच. असे गाव दुसरीकडे शोधावे लागेल. आता २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते, घाट आणि हॉटेलांत पैसा ओतला जातो आहे. सिंहस्थ होऊन जाईल. माझ्याकडच्या अकरा बायकांना त्यानंतरही काम लागणार आहे.

चौथी गोष्ट तपासणीची. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले, हे चांगलेच झाले. खेळण्याचे एखादे जरी काम विजेवर होत असले तरी ते विद्युत खेळणे ठरते आणि त्याला आयएस १५६४४ हे भारतीय मानक लागते. म्हणजे माझ्या बोलक्या पाटीलाही ते लागते, आणि मला ते मान्य आहे. पण प्रत्येक नमुना मुंबईला पाठवायचा, नापास झाला की सुधारून पुन्हा पाठवायचा, पुन्हा पैसे भरायचे, हे एका शेडला झेपत नाही. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याचा कोणताही तुकडा ठरावीक मापाच्या छोट्या नळकांड्यात पूर्ण मावता कामा नये, अशी एक साधी चाचणी आहे. ते नळकांडे, पाडून पाहायची फरशी आणि ओढ मोजायचा काटा एवढे जरी नाशिकमध्ये सामायिक असते तरी माझ्या दोन फेऱ्या वाचल्या असत्या.

सरकारने बाजार मोकळा केला नाही, असे कुणी म्हणू नये. २०२० मध्ये खेळण्यांवरचे आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले, २०२३ मध्ये ७०. सरकारी आकड्यांनुसार २०१८-१९ मध्ये ३७ कोटी १० लाख डॉलरची खेळणी बाहेरून आली, ती २०२१-२२ मध्ये ११ कोटींवर आली. एवढी जागा रिकामी झाली आहे. ती स्वस्त सेलवाल्या नकलांनीच भरायची का, हे पैसे देणारे ठरवतात. म्हणजे तुम्ही.

या धंद्यात धोका नाही असे मी म्हणणार नाही. धोका हँडलमध्येच आहे. नोव्हेंबर २००५ मध्ये ट्युनिसला गरीब देशांतल्या मुलांसाठीचा स्वस्त लॅपटॉप जगासमोर दाखवला गेला. त्याला वीज भरायचे हँडल होते, आणि प्रात्यक्षिकातच ते निखळले. पुढे कारखान्यातून बाहेर पडलेल्या लॅपटॉपला हँडल नव्हतेच. ही गोष्ट मी शेडमधल्या सगळ्यांना सांगितली आहे. माझ्या पहिल्या नमुन्याचे थ्रीडी प्रिंटरवर छापलेले गिअर नऊ हजार फेऱ्यांत दात गाळून बसले. मग डेलरिन या टणक प्लास्टिकचे गिअर कापून घेतले, हँडलच्या दांड्याला दोन्ही बाजूंनी आधार दिला, आणि मुलाने उलटे किंवा रागाने फिरवले तर सरकणारा क्लच बसवला. आता एक मोटर लावून नमुना मिनिटाला साठ फेऱ्यांनी फिरवत ठेवला आहे. चार लाख फेऱ्या पार झाल्या. रोज दहा मिनिटे खेळणाऱ्या मुलाच्या हिशेबात ही पावणेदोन वर्षांच्या वर होतात. मला दहा लाख फेऱ्या हव्या आहेत.

ट्रेव्हर बेलिस या इंग्रज माणसाला १९९१ मध्ये चावीच्या रेडिओची कल्पना सुचली. आफ्रिकेत एड्सची माहिती पोहोचवायला रेडिओ हवा आणि सेल परवडत नाहीत, एवढी साधी गोष्ट होती. कंपन्यांनी त्याला परत पाठवले. १९९४ मध्ये बीबीसीवर त्याचा रेडिओ लोकांनी पाहिला तेव्हा पैसा उभा राहिला आणि केपटाउनला कारखाना निघाला.

पण मला रोज आठवतात ते आपले दादासाहेब फाळकेच. शेडवर जाताना पांडवलेणीच्या पायथ्याचे त्यांचे स्मारक लागते. त्र्यंबकच्या या माणसाने १९१२ मध्ये लंडनला जाऊन कॅमेरा मिळवला, तोही हाताने हँडल फिरवायचा. सिनेमाला पैसा कोण देणार? त्यांनी वाटाणा पेरला, महिन्याहून अधिक दिवस कोंबाचे थोडे थोडे चित्रण केले आणि मिनिटभरात उगवणारे रोप पैसेवाल्याला दाखवले. ते पाहिल्यावर पैसे मिळाले. सरस्वतीबाईंचे दागिनेही त्यात गेले. माझ्याही बांगड्या गेल्या आहेत, त्याचे दुःख नाही. दुःख एवढेच की फाळक्यांच्या सावकाराने निदान ते रोप उगवताना पाहिले होते.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत.

बँकांनी माझ्या आणि माझ्यासारख्या प्रत्येक अर्जाच्या नकाराचे कारण लेखी द्यावे, तीस दिवसांत द्यावे, आणि क्रेडिट गॅरंटीखाली अर्ज का बसला नाही ते त्यात नमूद करावे. डायला मालमत्ता म्हणून मोजावे. चांगला डाय लाखो नग काढतो. त्याची किंमत शून्य धरणे हा हिशेब नव्हे.

गुंतवणूकदारांनी ॲपची अट सोडावी. हातात धरायच्या वस्तूला तीन वर्षांचा अवधी द्यावा. एकट्याने अडतीस लाख घालायला भीती वाटत असेल तर आठ-दहा जणांनी मिळून घालावेत. मी हिस्सा द्यायला तयार आहे, दर महिन्याला हिशेबाची वही उघडायला तयार आहे.

उद्योग संघटनांनी खेळण्यांच्या पूर्वतपासणीचे एक सामायिक टेबल उभारावे. भाडे आम्ही देऊ.

आणि जे कारखाने कंपनी कायद्याच्या सामाजिक निधीतून आदिवासी तालुक्यांत खेळणी वाटतात त्यांना हात जोडून विनंती, सेलवर चालणारे खेळणे देणार असाल तर दोन वर्षांचे सेल त्याबरोबर द्या. नाहीतर सेल न लागणारे द्या. माझेच घ्या असे म्हणत नाही.

शनिवारी शेड बंद असते. इतर दिवशी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळेत कधीही या, आधी कळवायची गरज नाही. दारातून आत आलात की डाव्या हाताला ते यंत्र फिरताना दिसेल, वर फेऱ्यांचा काउंटर आहे, त्याला आम्ही सील लावले आहे. शेजारच्या टेबलावर दुसरा नमुना मोकळा ठेवला आहे. येताना घरातले सहा-सात वर्षांचे कुणी असेल तर त्याला सोबत आणा आणि तो नमुना त्याच्या हातात द्या. मी बाजूला उभी राहीन, काही सांगणार नाही. त्यानंतरही उत्तर 'नाही' असेल तर ते मला कागदावर द्या.

आपली नम्र,
वाइंडिंग युनिटची चालक,
अंबड औद्योगिक वसाहत, नाशिक